यंदा आशेला जागा आहे

मंगळवारी डॉक्टरांनी लायलला विचारलं, "हा महिना कोणता?" आणि लायलनं माझ्या हाताकडे पाहिलं.

डॉक्टरांकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नाही, माझ्या तोंडाकडेही नाही. हाताकडे. मी शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि शपथेवर सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं, बोटं आपोआप उघडली. उजव्या हाताची पाच, डाव्याची तीन. "ऑगस्ट," लायल म्हणाला. डॉक्टरांची पाठ आमच्याकडे होती, त्या कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत होत्या. "छान," त्या म्हणाल्या. माझा बत्तीस वर्षांचा मुलगा, सहा फूट एक इंच उंच, पहिलीतल्या पोरासारखा हसला. मी बोटं मिटली आणि टोपीखाली सरकवली. मग त्यांनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं, पाच शब्द सांगून परत म्हणायला लावले, आणि ते त्याला आले नाहीत, तेव्हाही तो दर वेळी एकदा माझ्या टोपीकडे बघायचा. टोपीखाली काही तरी आहे आणि बाबा ते आपल्याला दाखवत नाही, असं. घरी यायला दीड तास लागतो. रस्त्यानं दोन्ही बाजूंना मका उभा होता, यंदा पुरुषभर झालाय. लायल खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि मी स्टिअरिंगवरच्या माझ्या डाव्या हाताकडे बघत गाडी चालवत होतो. म्हटलं, मेल्या, तू अजून विसरला नाहीस? आणि तोही विसरला नाही. आईचा फोन येऊन गेलेला तो संध्याकाळपर्यंत विसरतो, गॅस बंद करायला विसरतो, जेवलो की नाही हे विसरतो. बारा वर्षांपूर्वीची ही तीन बोटं तेवढी डोक्यात कुठे तरी पक्की बसलेली.

मी साखळी धरतो. आमच्या गावच्या कॉलेजच्या मैदानावर, टीमच्या घरच्या अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यांना, कडेला उभं राहून चेंडू किती पुढे सरकला ते मोजायची दहा यार्डांची साखळी धरायची. एका टोकाची काठी धरून मी, दुसऱ्या टोकाची धरून डेल्मर. मध्ये गस खुणेची काठी घेऊन, आणि वेन्डेल चिमटा लावायला. एकोणतीस वर्षं झाली. पैसे मिळत नाहीत, एक नारिंगी बंडी मिळते आणि मध्यंतरात सॉसेजचा पाव. पण टीव्हीवर सामना बघणाऱ्याला जे दिसत नाही ते आम्हाला ऐकू येतं. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज लांबून टाळीसारखा वाटतो, आम्ही उभे असतो तिथून तो तसा वाटत नाही. टीमचं नाव बगळे. अख्ख्या ओहायोत याच्याहून बावळट नाव नसेल, आणि खेळही नावाला जागतो. मागल्या वर्षी दहातले दोन जिंकलो. त्याच्या आदल्या वर्षी एक. तरी दर ऑगस्टमध्ये, पहिल्या गुरुवारी, आम्ही चौघं लोइसच्या हॉटेलात न्याहारीला जमतो आणि प्रत्येकानं येत्या मोसमाबद्दल आशेचं एक कारण सांगायचं असतं. मागल्या वर्षीचं कारण चालत नाही. एकाचं दुसऱ्यानं उचललेलं चालत नाही. कारण सांगून झालं की बाकीच्यांनी कॉफीचा कप दोनदा टेबलावर आपटायचा, म्हणजे मंजूर. आणि चौघांची कारणं मंजूर झाल्याशिवाय कुणी पॅनकेकला काटा लावायचा नाही. कुणी सुरू केलं हे, ठाऊक नाही. आमच्या आधीचे साखळीवाले करायचे, ते मेले, आता आम्ही करतो. यात गंमत होती. एके काळी मी जुलैपासून कारण शोधत हिंडायचो.

लायल खेळायचा त्या वर्षी मी म्हटलं होतं, "कारण माझ्या घरात राहतं आणि दिवसाला डझनभर अंडी खातं." कप असे आपटले की लोइस आतून ओरडली. तो वीस वर्षांचा होता, मागचा बचाव सांभाळायचा. ऑक्टोबरमधला शनिवार, समोर नदीपलीकडचे आमचे जुने वैरी, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा आम्ही पुढे होतो, चौदा–दहा. लायल एकाला अडवायला गेला, डोकं खाली घालून, असं घालायचं नसतं हे मीच त्याला अंगणात शिकवलं होतं. तो आवाज झाला. तो उठला, पण उठून दोन पावलं समोरच्यांच्या बाकाकडे चालत गेला, मग कुणी तरी त्याला दंडाला धरून वळवलं. लोक हसले. मीही हसलो असेन. मर्ना म्हणजे टीमचं दुखणंखुपणं बघणारी बाई, तिनं त्याला बाकावर बसवलं, स्कोअरच्या फळ्याकडे पाठ करून. तशीच पद्धत होती, फळ्यावर बघून उत्तरं देऊ नयेत म्हणून. पण फळ्याकडे पाठ केली की तोंड साखळीकडे येतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं? डोक्याला मार लागला की तीन प्रश्न असायचे, तिन्ही आले तरच परत मैदानात. समोर कोण? चारांपैकी क्वार्टर कितवा? स्कोअर किती? पहिल्याचं उत्तर त्यानं दिलं. दुसऱ्याला तो थांबला. त्याचे डोळे तेव्हा कसे होते ते मला अजून दिसतं, कुलूप लावून गेलेल्या घरासारखे. ते डोळे फिरत फिरत माझ्यावर आले. माझ्या उजव्या हातात काठी होती. डावा हात मांडीवर होता. मी तीन बोटं उघडली. "तिसरा," तो म्हणाला. मग एक बोट, मग चार. मग मूठ मिटून दोन्ही हातांची दहा. हो, काठी काखेत धरून मी माझ्या पोराला स्कोअर दाखवला. दहाच मिनिटांनी तो पुन्हा आपटला आणि या खेपेला उठला नाही.

का दाखवलीस, असं मला कुणी विचारलेलं नाही, मीच विचारतो. पहाटे दाढी करताना विचारतो. त्याला पुढं काही मिळणार होतं म्हणून? छे. बगळ्यांतून कुणी कधी कुठे गेलेलं नाही. वैऱ्यांना हरवायचं होतं म्हणून? थोडंसं. खरं कारण एवढंच की मला माझा मुलगा मैदानावर बघायचा होता. माझ्यापासून सात पावलांवर, अंगावर अकरा नंबर. तो बाकावर बसला असता तर मला त्याची नुसती पाठ दिसली असती. एवढ्यासाठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते निराळं. हे मी स्वतःच्या हातानं, बोटं मोजून केलंय.

त्या सामन्यानंतर लायल खेळला नाही. कॉलेज सुटलं, मग धान्याच्या कोठारावरची नोकरी सुटली, मग एक बरी मुलगी होती ती सुटली. त्याची आई पाच वर्षं टिकली, मग बहिणीकडे ॲरिझोनाला गेली. तिला दोष देणार नाही, तिला बोटांचं माहीत नाही. दिवसा तो पडदे ओढून स्वयंपाकघरात बसतो, उजेडानं त्याचं डोकं दुखतं. आणि त्याच्याजवळ एक गोष्ट आहे, एकच, ती तो सगळ्यांना सांगतो, पोस्टमनला, दुकानातल्या मुलीला, मला दिवसातून दोनदा. "मला मार लागला होता ना, पण मी तिन्ही उत्तरं बरोबर दिली. तिन्ही! मग परत खेळायला गेलो." हे सांगताना तो ताठ बसतो. मी म्हणतो, "हो रे राजा." काय म्हणणार?

आणि हे सगळं गिळून मी गप्प राहिलो असतो, बारा वर्षं राहिलोच होतो, पण एप्रिल आडवा आला. एप्रिलमध्ये टीमचा आपसातला सराव-सामना असतो. डेल्मरचा नातू कोल्बी यंदा चेंडू घेऊन धावतो. पोरगं खरंच वाऱ्यासारखं आहे, असं आमच्याकडे फार दिवसांत कुणी आलं नव्हतं. तो आपटला. डोकं जमिनीवर आपटून वर उसळलं, मी पाहिलं. मर्नानं त्याला बसवलं, पाठ फळ्याकडे. मी माझ्या टोकाला उभा होतो, आणि दहा यार्डांवर, साखळीच्या त्या टोकाला, डेल्मरचा डावा हात मांडीवर होता. दोन बोटं उघडली. बस, एवढंच. अर्ध्या मिनिटात कोल्बी परत मैदानात. मला तेव्हा असं झालं की हातातली काठी खाली टाकावी आणि घरी निघून जावं. टाकली नाही. मे गेला, जून गेला, जुलै गेला, मी कुणाला बोललो नाही. येत्या शनिवारपासून पूर्ण चिलखत चढवून सराव सुरू होणार, म्हणजे खरे धक्के. कोल्बीला जून महिन्यात चक्कर आली होती म्हणे, चर्चच्या पायरीवर. डेल्मर म्हणाला, उन्हानं.

गुरुवारी लोइसच्या हॉटेलात गेलो तेव्हा तिघं येऊन बसले होते. पॅनकेकच्या थाळ्या समोर, लोण्याचे गोळे अजून वितळायचे होते.

"आला! ऑरिनसाहेब आले," गस म्हणाला. गस न्हावी आहे, त्याला गप्प बसणं माहीत नाही. "चेहरा बघा, यानं मोसम संपवूनच टाकलाय."

"अरे, बसू तर दे त्याला," वेन्डेल म्हणाला. त्यानं चाळीस वर्षं गणित शिकवलंय, आवाज अजून तसाच आहे, समजुतीचा. "मी सुरुवात करतो. यंदा पहिले तिन्ही सामने घरच्या मैदानावर. निदान प्रवास करून हरायला नको."

कप आपटले, दोनदा.

"माझं ऐका," गस म्हणाला. "नवा किक मारणारा. माझ्याकडे केस कापायला आला होता. बापाच्या गोठ्यावरून चेंडू मारतो म्हणे, पलीकडे."

"आणि गाय आणून देते का परत?" लोइस कॉफी ओतताना म्हणाली.

"तू हस. गेल्या वर्षीचा होता त्याला गोठा दिसला तरी असता का?"

दोनदा आपटले. मग डेल्मर. डेल्मर माझा मित्र आहे. लायल इस्पितळात होता तेव्हा अकरा रात्री तो माझ्याशेजारी खुर्चीत झोपला होता, हेही सांगितलं पाहिजे. त्यानं कप दोन्ही हातांत धरला, लाजल्यासारखा हसला. "माझं तुम्हाला ठाऊकच आहे. माझं कारण माझ्या घरात राहतं," तो म्हणाला, "आणि पोराचं डोकं दगडासारखं आहे, एप्रिलमध्ये पाहिलंतच. तिन्ही उत्तरं दिली पठ्ठ्यानं."

माझंच वाक्य. त्याला ते आठवत असेल का? गसनं आणि वेन्डेलनं कप उचलले. मी उचलला नाही.

"डेल्मर," मी म्हटलं, "मी तुझी बोटं पाहिली."

मला वाटत होतं, तो म्हणेल कसली बोटं. तो चिडेल, उठून जाईल. मी मंगळवारपासून त्याच्या सगळ्या उत्तरांना उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत, अगदी हळू, म्हणाला, "आणि मी ते कुणाकडून शिकलो रे?"

गस, जो कधी गप्प बसत नाही, तो लोण्याकडे बघत होता. लोइस कॉफीचं भांडं घेऊन तशीच उभी. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारा वर्षं. दर ऑगस्टमध्ये, दर शनिवारी, माझ्या पाठीवर थाप मारताना, लायल कसा आहे म्हणून विचारताना, ठाऊक होतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. याहून वाईट माझ्याशी कुणी वागलेलं नाही आणि याहून चांगलंही नाही.

"शनिवारी त्याला खेळू देऊ नकोस," मी म्हटलं. "डेल्मर, पाया पडतो तुझ्या. मंगळवारी डॉक्टरांनी महिना विचारल्यावर लायलनं माझ्या हाताकडे..."

"लायल लायल आहे. कोल्बी कोल्बी आहे," डेल्मर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तुझं पोर मोडलं म्हणून माझ्या पोरानं घरी बसायचं?"

"डेल्मर!" वेन्डेल म्हणाला. मग माझ्याकडे वळून, तसाच समजुतीनं, "ऑरिन, हे कारण झालं नाही. कारण सांग बाबा. गार होतायत."

आणि मी सांगितलं. मला माझीच शिसारी येते, पण सांगितलं. "मैदानावरचं गवत चांगलं आलंय," मी म्हटलं. "इतकं दाट कधी नव्हतं."

मग कप आपटले, दोनदा, डेल्मरचाही. आम्ही पॅनकेक खाल्ले. मीही खाल्ले, वर सिरप घालून, तीनही.

तिथून घरी जायचं सोडून मैदानाकडे गेलो. मर्नाची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे, मलमाचा आणि ओल्या बुटांचा वास येतो. ती पट्ट्यांच्या गुंडाळ्या खोक्यात लावत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, एप्रिलमधलं, डेल्मरचं. ती गुंडाळ्या लावत राहिली.

"दिसलं होतं मला," ती म्हणाली.

"दिसलं होतं?"

"ऑरिन, मी त्या पोरासमोर गुडघ्यावर बसलेली असते. तो कुठे बघतोय हे मला दिसणार नाही?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं. माझ्या तोंडानंच विचारलं. "आणि बारा वर्षांपूर्वी?"

तिनं हातातली गुंडाळी खाली ठेवली. तिचे केस सगळे पांढरे झालेत, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुमची बोटं नाही पाहिली मी. त्याचे डोळे पाहिले. वळून बघता आलं असतं. कोच डोक्यावर उभा होता, चौदा–दहा होते, अख्खं गाव ओरडत होतं. पोरगं 'तिसरा' म्हणालं. मला तिसराच ऐकायचं होतं." ती खुर्चीत बसली. "रोज तुमच्या घरावरून जाते मी. पडदे बघते."

बाहेर कुणी तरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. मग तिनं खणातून एक कोरा कागद काढला. म्हणाली, लिहून द्या. मी म्हटलं, एप्रिलचं देतो. ती म्हणाली, एकट्या एप्रिलचं नाही चालणार, डेल्मर म्हणेल याच्या पोटात दुखतंय. दोन्ही लिहा, आधी तुमचं. मी माझं नाव लिहिलं, लायलचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि 'मी माझ्या डाव्या हाताच्या बोटांनी' इथवर आलो आणि पुढं हात चालेना. तो डावा हात कागद धरून बसला होता. शेवटी लिहिलं. सही केली. मर्नानं वाचून घडी घातली.

"शनिवारी मी त्याला बसवीन," ती म्हणाली. "पण खरं सांगू? आठवड्याभरात ते शहरातून दुसऱ्या डॉक्टरचा कागद आणतील. आणि मग मला काही करता येणार नाही."

"एक आठवडा तर एक आठवडा," मी म्हटलं. नारिंगी बंडी गाडीत होती, ती आणून तिच्या टेबलावर ठेवली.

घरी लायल अंधारात टेबलाशी बसला होता. "बाबा! यंदा काय कारण दिलंस?" त्याला ऑगस्टमधला हा गुरुवार मात्र बरोबर आठवतो, फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो तो. मी समोर बसलो. म्हटलं, आता गावाला माहीत, मर्नाला माहीत, कागदावर आहे, मग ज्याचं डोकं आहे त्यालाच नको? आणि मी सांगितलं. सगळं, काही न वगळता. बोटंसुद्धा टेबलावर ठेवून दाखवली, तीन, मग एक, मग चार. का दाखवली तेही सांगितलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या बोटांकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे मला येत नव्हतं?"

"नाही रे."

"एकही?"

"एक आलं होतं. समोर कोण, ते."

"मी सगळ्यांना सांगतो ना," तो म्हणाला, "तिन्ही म्हणून." आणि तो रडायला लागला, आवाज न करता, खांदे पाडून, ताठ बसायचा तो मुलगा. मी उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. बारा वर्षं जपलेली त्याची एकुलती एक गोष्ट मी काढून घेतली होती, आणि कशासाठी, माझं ओझं हलकं व्हावं म्हणून. ते झालं नाही, हेही सांगून टाकतो.

मग मी त्याला टोस्ट करून दिला, लोणी लावून, आणि कॉफी. अर्ध्या तासात त्याचे डोळे कोरडे झाले. बाहेर पोस्टाची गाडी आली आणि गेली. त्यानं कप दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघून हसला, सकाळी हसतो तसा.

"बाबा, मला मार लागला होता ना, पण मी तिन्ही उत्तरं बरोबर दिली होती. हो ना?"

तो माझ्या हाताकडे बघत होता. मी दोन्ही हात खिशात घातले.

"दिली होतीस," मी म्हटलं.

"आणि यंदा? काय कारण दिलंस?"

"गवत चांगलं आलंय."

लायलनं जरा विचार केला. त्याला ते पटलं. त्यानं कप उचलला आणि दोनदा टेबलावर आपटला.